बचत खातं कुठल्या बँकेत उघडायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात, ऑफिसात, नात्यात कुणीही नवीन खातं काढायला निघालं की फिरून फिरून हेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच नीट लिहून काढलंय. हे सगळं भारतातल्या बँकांबद्दल आहे आणि रोजच्या घरगुती पैशाबद्दल आहे, धंद्याच्या करंट अकाउंटबद्दल नाही.

सगळ्या बँका सारख्याच ना, मग एवढा विचार कशाला करायचा?

एके काळी हे बरोबर होतं. २५ ऑक्टोबर २०११ पर्यंत बचत खात्याचा व्याजदर रिझर्व्ह बँकच ठरवून द्यायची, शेवटी तो ४ टक्के होता आणि कुठल्याही बँकेत गेलात तरी तेवढाच मिळायचा. मग रिझर्व्ह बँकेनं दर मोकळे केले आणि तेव्हापासून प्रत्येक बँक आपापला दर ठरवते. स्टेट बँकेचा दर जून २०२५ पासून २.५ टक्के आहे, बाकी मोठ्या बँकाही त्याच आसपास आल्यात, आणि स्मॉल फायनान्स बँका, म्हणजे रिझर्व्ह बँकेचाच परवाना असलेल्या छोट्या बँका, जास्त शिलकीवर यापेक्षा बरंच जास्त देतात. पण खरा फरक व्याजात नाही, तो चार्जेस, अटी आणि गरजेच्या दिवशी पैसे हातात येतात का यात आहे, आणि तिकडे आपण बघतच नाही.

मग सुरुवात कुठून करायची?

स्वतःच्या स्टेटमेंटपासून. बँकांच्या वेबसाइटवरून नाही. आत्ता जे खातं वापरताय त्याचं मागच्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढा, पासबुक भरून घेतलं तरी चालेल, आणि पेन घेऊन बसा. प्रत्येक महिन्यात सगळ्यात कमी शिल्लक किती होती त्यावर गोल करा, एटीएममधून किती वेळा पैसे काढले ते मोजा, आणि बँकेनं स्वतःहून कापलेली प्रत्येक रक्कम अधोरेखित करा, अगदी १७ रुपये ७० पैशांचीसुद्धा. अर्धा तास लागतो. ज्यांना ज्यांना मी हे करायला लावलंय त्यातल्या बहुतेकांना आपली सगळ्यात कमी शिल्लक किती असते हेच माहीत नव्हतं, कारण पगार झाल्या दिवशीचा आकडा डोक्यात बसलेला असतो आणि २८ तारखेचा आकडा आपण बघायचं टाळतो.

खातं निवडायचं ते या २८ तारखेच्या आकड्यावर. तो कायम तीन-चार हजारांच्या आसपास असेल तर १० हजारांचा बॅलन्स मागणारं खातं तुमच्यासाठी नाहीच, मग त्याचं कार्ड कितीही चकचकीत असू दे.

जाहिरातीत ७ टक्के लिहिलंय, सरळ तिथेच उघडू का?

आधी ‘पर्यंत’ हा शब्द शोधा, ‘७ टक्क्यांपर्यंत’ असंच लिहिलेलं असतं. एक लाखापर्यंतच्या शिलकीवर बँकेला सगळ्यांना एकच दर द्यावा लागतो, त्याच्या वर मात्र रकमेप्रमाणे वेगळे दर लावता येतात, म्हणून स्लॅब असतात.

उदाहरण घेऊ, आकडे समजायला सोपे म्हणून धरलेत. समजा पहिल्या एक लाखावर ३ टक्के, एक ते पाच लाखांमधल्या रकमेवर ५ टक्के आणि पाच लाखांच्या वर ७ टक्के. तुमचे दोन लाख आहेत. पहिल्या लाखाचे ३,००० आणि दुसऱ्या लाखाचे ५,००० असे वर्षाचे ८,००० रुपये, म्हणजे तुम्हाला पडला ४ टक्के. सात टक्क्यांच्या आसपाससुद्धा आपण गेलो नाही. आणि ज्याच्या खात्यात ५०-६० हजारच असतात त्याला तर नुसता ३ टक्केच. म्हणून जाहिरातीतला मोठा आकडा सोडा, आपली नेहमीची शिलकीची रक्कम ज्या स्लॅबमध्ये बसते तिथला दर बघा.

आता हेही मोजा. सरासरी ४० हजार रुपये खात्यात राहत असतील तर २.५ टक्क्यांनी वर्षाला १,००० रुपये मिळतात आणि ४ टक्क्यांनी १,६००. फरक ६०० रुपये, वर्षभरात. डेबिट कार्डची वार्षिक फी २५० असेल तर जीएसटी धरून २९५ तिथेच गेले, आणि एकदा बॅलन्स कमी पडला की उरलेलेही गेले.

व्याज नक्की मोजतात कसं?

रोजच्या रोज. दिवस संपताना खात्यात जी शिल्लक असते त्यावर त्या दिवसाचं व्याज धरतात, ही पद्धत १ एप्रिल २०१० पासून आहे. त्याआधी महिन्याच्या १० तारखेपासून शेवटच्या दिवसापर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तेवढ्यावरच व्याज मिळायचं, त्यामुळे जुनी माणसं अजून म्हणतात की दहा तारखेच्या आत पैसे भर. बँकेसाठी आता ते लागू नाही. पण पोस्टाच्या बचत खात्यात अजूनही तीच पद्धत आहे! ११ तारखेला ५० हजार भरलेत तर त्या महिन्यापुरतं त्यावर काही नाही, आणि २९ तारखेला काढलेत तरी तो महिना बुडाला.

व्याज जमा होतं ते बहुतेक ठिकाणी तिमाहीला, काही बँका महिन्याला करतात. आपल्या रकमेला त्यानं फारसा फरक पडत नाही, त्यावरून बँक निवडू नका.

मिनिमम बॅलन्स म्हणजे खात्यातले पैसे त्याखाली कधीच जाऊ द्यायचे नाहीत का?

बहुतेक बँकांमध्ये तसं नसतं, तिथे महिन्याची सरासरी बघतात. रोजच्या शेवटच्या शिलकीची बेरीज करायची आणि महिन्याच्या दिवसांनी भागायचं. १० हजारांची सरासरी हवी असेल तर ३० दिवसांची बेरीज तीन लाख व्हायला पाहिजे. म्हणजे २५ दिवस खात्यात ४ हजारच होते, बेरीज एक लाख, तर उरलेल्या पाच दिवसांत रोज ४० हजार राहिले तरी सरासरी बरोबर १० हजार येते. हे कळलं की ज्यांचा पगार महिन्याच्या सुरुवातीला येतो आणि आठवडाभर खात्यात राहतो त्यांची धाकधूक बरीच कमी होते. फक्त काही बँका महिन्याऐवजी तिमाहीची सरासरी धरतात, ते विचारून घ्या. आणि शहर, निमशहर, खेडं याप्रमाणे हा आकडा बदलतो, खातं ज्या शाखेत असेल तिथला लागू होतो.

बॅलन्स कमी पडला तर कितीही दंड लावू शकतात का?

नाही, याला नियम आहे आणि तो प्रत्येकानं पाठ करावा असा आहे. १ एप्रिल २०१५ पासून, बॅलन्स कमी पडला की बँकेनं आधी तुम्हाला मेसेज, ईमेल किंवा पत्रानं कळवायचं, कळवल्यापासून एक महिन्याच्या आत तुम्ही भरला नाहीत तरच दंड. तोही जेवढी रक्कम कमी पडली त्याच्या प्रमाणात, सरसकट नाही. आणि नुसत्या या दंडामुळे खातं मायनसमध्ये न्यायचं नाही.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. नोकरी बदलली तेव्हा जुन्या कंपनीचं सॅलरी अकाउंट तसंच राहिलं, आत ६,२०० रुपये होते, म्हटलं असू दे. पगार यायचा थांबल्यावर काही महिन्यांनी ते आपोआप साधं बचत खातं झालं, १० हजारांच्या सरासरीची अट लागली, आणि मेसेज जात होते माझ्या बंद पडलेल्या नंबरवर. सव्वा वर्षानं कशासाठी तरी लॉगिन केलं तर दोन हजारांच्या आत शिल्लक. दर महिन्याला एक ओळ, जसजशी शिल्लक खाली गेली तसतसा दंड वाढत गेलेला. नियमाप्रमाणेच कापलं होतं, त्यामुळे भांडायला जागा नव्हती, पण कष्टाच्या पैशाचं असं होताना बघून फार लागलं मनाला. तेव्हापासून कुणी नोकरी बदलली की मी पहिलं हेच विचारते, जुन्या सॅलरी अकाउंटचं काय केलंस?

हा दंड सगळ्याच बँका घेतात असंही नाही. स्टेट बँकेनं साध्या बचत खात्यावरची मिनिमम बॅलन्सची अट मार्च २०२० मध्येच काढली, आणि २०२५ च्या मध्यात कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा अशा बऱ्याच सरकारी बँकांनीही दंड बंद केला.

झिरो बॅलन्स खातं खरंच फुकट असतं का?

दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो. एक असतं बेसिक बचत खातं, जे रिझर्व्ह बँकेच्या नियमानं प्रत्येक बँकेला द्यावंच लागतं. त्यात बॅलन्सची अट नाही, पैसे भरायला मर्यादा नाही, एटीएम कार्ड फुकट, आणि महिन्यातून चार वेळा पैसे काढणं फुकट. जनधन खातं याच प्रकारातलं. अट एवढीच की त्या बँकेत तुमचं दुसरं बचत खातं असता कामा नये. काउंटरवर ‘झिरो बॅलन्स’ म्हणून मागितलं तर दुसरंच काहीतरी पुढे करतात, म्हणून ‘बेसिक सेव्हिंग्ज, बीएसबीडीए’ असं नाव घेऊन मागा, तुमचा हक्क आहे तो.

दुसरं असतं बँकेनं आपल्या मर्जीनं दिलेलं झिरो बॅलन्स खातं, मोबाइलवरून उघडतं ते. त्यात बॅलन्सची अट नसली तरी कार्डची फी, चेकबुकचे पैसे, शाखेत जाऊन कॅश भरण्याचे पैसे अशा अटी असू शकतात. घाईत ओटीपी देऊन उघडलेल्या खात्याचं फुल केवायसी, म्हणजे ओळख-पत्त्याची पूर्ण पडताळणी, राहिलेलं असेल तर त्यावर रकमेची आणि मुदतीचीही मर्यादा असते, म्हणून व्हिडिओ केवायसी तरी लगेच उरका.

आणखी कुठले चार्जेस बघायचे?

एटीएम. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार फुकट, दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मेट्रो शहरात तीन आणि बाकी ठिकाणी पाच. त्यानंतर प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत अधिक जीएसटी, हा दर १ मे २०२५ पासून आहे. शिल्लक बघितली तरी दुसऱ्या बँकेच्या मशीनवर तो व्यवहारच मोजतात. मग कार्डची वार्षिक फी, एसएमएसचे पैसे, चेक परत गेला तर लागणारा दंड, आणि ईएमआय किंवा एसआयपीचा हप्ता बॅलन्सअभावी फिरला तर लागणारा दंड. हा शेवटचा सगळ्यात जड असतो. प्रत्येक बँकेच्या वेबसाइटवर ‘शेड्यूल ऑफ चार्जेस’ नावाची पीडीएफ असते, कंटाळवाणी असते पण खातं उघडण्याआधी तेवढी एक वाचाच.

बँक बुडाली तर माझ्या पैशाचं काय?

पाच लाखांपर्यंतचे पैसे विम्यात सुरक्षित आहेत. हा विमा डीआयसीजीसी म्हणजे ठेव विमा महामंडळ देतं, हप्ता बँक भरते, तुम्हाला काही करावं लागत नाही. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली, त्याआधी १९९३ पासून ती एक लाखच होती.

गैरसमज होतो तो मोजण्यात. पाच लाख हे खात्याला नाहीत, एका माणसाला एका बँकेत आहेत. त्याच बँकेच्या तीन शाखांत तीन खाती, वर एफडी, सगळ्याची मुद्दल आणि व्याज एकत्र करून पाच लाख. तेच पैसे दोन वेगळ्या बँकांत ठेवले तर प्रत्येक ठिकाणी पाच-पाच लाख. जॉइंट खातं वेगळं धरतात, म्हणजे तुमचं एकट्याचं खातं आणि नवरा-बायकोचं जॉइंट खातं या दोन्हीला स्वतंत्र मर्यादा.

दुसरा प्रश्न वेळेचा. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढायची परवानगी होती, नंतर ती वाढवत नेली, पण ते पहिले दिवस ज्यांनी सोसले त्यांना विचारा. आजारपण, मुलांची फी, सगळं एकाच खात्यावर. त्यानंतर कायदा बदलला, आणि १ सप्टेंबर २०२१ पासून असे निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यायची असं ठरलं. म्हणजे पैसे बुडणार नाहीत, पण तीन महिने अडकू शकतात. ते तीन महिने निघतील एवढे पैसे दुसऱ्या बँकेत असावेत हे माझं ठाम मत आहे, मग पहिली बँक कितीही मोठी असो.

पतसंस्थेत जास्त व्याज मिळतं, तिथे ठेवले तर?

सहकारी बँक आणि पतसंस्था यात फरक करा. नागरी सहकारी बँक ही रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली बँक असते आणि तिथल्या ठेवींना वरचा पाच लाखांचा विमा असतो. पतसंस्थेला तो नसतो. बोर्ड मोठा असतो, चेअरमन ओळखीचे असतात, रोज पिग्मी गोळा करायला माणूस दारात येतो, सगळं बँकेसारखंच दिसतं, पण तो विमा नाही. अडीअडचणीसाठी बाजूला काढलेला पैसा तिथे ठेवू नका, एवढं कळकळीनं सांगते.

पोस्टाचं बचत खातं कसं?

४ टक्के व्याज, ५०० रुपये मिनिमम बॅलन्स, पैशाला सरकारची हमी. वर सांगितलेली १० तारखेची भानगड आणि व्याज वर्षातून एकदाच जमा होणं हे लक्षात ठेवा. न हलणाऱ्या पैशासाठी चांगलं, रोजच्या उलाढालीसाठी त्रासाचं.

स्वीप किंवा ऑटो स्वीप घ्यावं का?

ज्यांच्या खात्यात कायम लाखभर तरी पडून असतात त्यांनी जरूर चौकशी करावी. ठरलेल्या रकमेच्या वरचे पैसे आपोआप एफडीत जातात आणि खात्यात कमी पडले की एफडी मोडून परत येतात. तीन गोष्टी विचारा. मोडताना आधी नवी एफडी मोडतात की जुनी, कारण जुनी आधी मोडली तर जमत आलेलं व्याज जातं. मुदतीआधी मोडल्याचा दंड आहे का. आणि किती दिवस तरी राहिल्याशिवाय व्याजच नाही अशी अट आहे का, कारण पैसे १५ दिवसांनी परत निघणार असतील तर काहीच हाती लागत नाही. बाबांना पेन्शन खात्यावर हे करून दिलं तेव्हा ते घाबरले होते, पासबुकात शिल्लक एकदम २५ हजारच दिसायला लागली म्हणून. घरात वयस्कर माणसं असतील तर आधी नीट समजावून सांगा आणि मगच सुरू करा.

व्याजावर टॅक्स लागतो का?

लागतो. बचत खात्याच्या व्याजावर बँक टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला कर, कापत नाही, म्हणून लोकांना वाटतं की ते करमुक्त आहे, तसं नाही, ते उत्पन्नात धरून रिटर्नमध्ये दाखवायचं असतं आणि इन्कम टॅक्स विभागाला ते एआयएसमध्ये, म्हणजे त्यांच्याकडच्या तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांच्या नोंदीत, दिसतंच. जुन्या करपद्धतीत १०,००० रुपयांपर्यंतच्या व्याजाची वजावट मिळते, ज्येष्ठ नागरिकांना एफडीच्या व्याजासकट ५०,००० पर्यंत. नव्या करपद्धतीत ही वजावट नाही.

किती खाती असावीत?

माझ्या मते दोन. एक, ज्यातून पगार, यूपीआय, बिलं, हप्ते सगळं चालतं. दुसरं वेगळ्या बँकेत, ज्यात तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च आहे आणि ज्याला यूपीआय जोडलेलं नाही. फसवणुकीचा फोन आला, लिंक दाबली गेली, तरी नुकसान पहिल्या खात्यापुरतंच राहतं. हे एकच कारण पुरेसं आहे.

तीन-चारच्या वर गेलात की विसरायला होतं. दोन वर्षं तुम्ही काहीच व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं आणि परत केवायसी करावं लागतं, दहा वर्षं झाली तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीकडे जातात. ते परत मागता येतात, आणि आजी-आजोबांची अशी जुनी खाती शोधायला रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ पोर्टल आहे, एकदा त्यांचं नाव टाकून बघाच. आणखी एक, सरकारी अनुदान आधारवरून येतं आणि आधार शेवटी ज्या खात्याला मॅप केलंत तिथेच ते जमा होतं, त्यामुळे नवीन बँकेत फॉर्मवर डोळे झाकून टिक केलीत तर पैसे कुठे गेले म्हणून शोधत बसाल.

जॉइंट खातं आणि नॉमिनी यात काय बघायचं?

नवरा-बायकोच्या किंवा वयस्कर आई-वडिलांच्या खात्याला ‘ऐदर ऑर सर्व्हायव्हर’ निवडा, म्हणजे दोघांपैकी कुणीही एकटं पैसे काढू शकतं. ‘जॉइंटली’ वर टिक झाली तर प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या लागतात आणि एक जण आजारी पडला की सगळं अडतं. नॉमिनी १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत देता येतात, टक्केवारी ठरवून. जुन्या खात्याला नॉमिनी आहे का हे पासबुकाच्या पहिल्या पानावर बघा. नाव नको असेल तरी निदान ‘नोंद आहे’ असं तिथे छापलेलं असतं.

शाखा जवळ हवी की ॲप चांगलं हवं?

कोण वापरणार त्यावर. कॅश भरावी लागते, लॉकर हवाय, घरात कुणाला पासबुकाशिवाय चैन पडत नाही, तर चालत जाता येईल अशी शाखा. उरलेल्यांनी ॲप बघावं, आणि त्यात एकच तपासा, कार्ड आणि व्यवहाराची मर्यादा स्वतःला लगेच बंद-चालू करता येते का. शाखेत एकदा दुपारी जाऊन उभं राहा, रांग कशी हलते आणि म्हाताऱ्या माणसाशी कसं बोलतात ते दहा मिनिटांत कळतं.

बँकेनं चुकीचे पैसे कापले तर कुठे जायचं?

आधी बँकेकडे लेखी तक्रार, नंबर घेऊन ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, ऑनलाइन, फुकट. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. एटीएममधून पैसे आले नाहीत आणि खात्यातून गेले तर पाच दिवसांत परत यायला हवेत, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. ऑनलाइन फसवणूक असेल तर वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि लगेच बँकेला कळवा, कारण तुमची चूक नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर सहसा नुकसान तुमच्यावर येत नाही.

नवीन खातं उघडलं, जुनं लगेच बंद करू का?

लगेच नको. दोन-तीन महिने दोन्ही चालू ठेवा. जुन्या स्टेटमेंटवरून यादी करा, पगार, विम्याचा हप्ता, एसआयपी, विजेचं बिल, गॅसची सबसिडी, टॅक्सचा रिफंड, आणि एकेक करून नव्या खात्यावर वळवा. वर्षातून एकदाच येणारे हप्ते विसरतात, म्हणून स्टेटमेंट पूर्ण वर्षाचं घ्या. मग जुन्याचं स्टेटमेंट पीडीएफ करून जपून ठेवा, शाखेत फॉर्म भरा, उरलेले चेक आणि कार्ड परत करा, आणि खातं बंद झाल्याचं लेखी घ्या. नुसते पैसे काढून शून्यावर सोडलं म्हणजे खातं बंद झालं असं होत नाही.